अंगठाभर खिडकीकडं

शिदू, मेल्यावर माणूस थोर होतो हे मला ठाऊक होतं. पण तूसुद्धा होशील असं वाटलं नव्हतं.

साताऱ्याच्या क्लबात तुझी शोकसभा झाली. मला सांगलीहून मुद्दाम बोलावलं होतं. यष्टीनं आलो, आष्ट्यापासून कराडपर्यंत उभ्यानं. मागच्या खुर्चीत बसलो आणि ऐकत राहिलो. एकजण म्हणाला, शिदूची नजर म्हणजे देवाची देणगी. दुसरा म्हणाला, बिलियर्डच्या टेबलाचा मध्य तो नुसत्या डोळ्यानं धरायचा. तिसऱ्यानं तर तुला ऋषीच करून टाकला, डोळे पुसत पुसत. ह्या माणसाला उभ्या जन्मात तुझं आडनाव विचारावंसं वाटलं नव्हतं. मग सगळे खाली माना घालून उभे राहिले. मी एकटा टेबलाकडं बघत होतो. हिरव्या बनातीवर तुझे पाच तांबडे डाग होते तिथंच होते.

सेक्रेटरी वकीलसाहेब म्हणाले, "धोंडीराम, तुम्ही त्यांचे पलटणीपासूनचे जोडीदार. दोन शब्द बोला."

"मला बोलाय येत न्हाई, साहेब," मी म्हणालो.

येत नाही कसलं? तोंड उघडलं असतं तर त्यांचा ऋषी तिथंच पाटावरून खाली आला असता. म्हणून गप्प बसलो, आणि आता घरी बसून लिहितो आहे. माझी शाळा तिसरीत सुटली. अक्षर वाकडं येतं. मजकूर सरळ आहे, तेवढं तू समजून घे.

तुला सांगायची गरज नाही, पण दुसऱ्या कुणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून आपला धंदा काय ते आधी सांगतो. बिलियर्डच्या टेबलावर पिनांचा एक खेळ असतो. टेबलाच्या बरोबर मध्यावर पाच पिना उभ्या करायच्या, बोटभर उंचीच्या लाकडी खुंट्या. मधली तांबडी, तिच्या चार अंगांना चार पांढऱ्या, आणि मधनं एक चेंडू जेमतेम निसटेल एवढी फट. चेंडू लागला की पिना पडणार. पडल्या की मार्करनं, म्हणजे टेबल सांभाळणाऱ्या आपल्यासारख्या नोकरानं, त्या परत जागच्या जागी उभ्या करायच्या. दिवसभर हेच. आता ती जागा ध्यानात ठेवायची कशी? खाली बनात असते. उंची लोकरीचं कापड, त्याला लव असते, एका दिशेला झोपलेली. पेन्सिलीचा ठिपका दिला तर फिसकटतो. खडू लावला तर पूड लवेत शिरते आणि चेंडूबरोबर टेबलभर हिंडते. चिकटपट्टी लावली तर काढताना लव उपटून हातात येते. टाचणी टोचणारे शहाणेही मी बघितलेत. त्या भोकापासून कापड फाटायला लागतं.

तुला आणि मला हे एकाच माणसानं शिकवलं. पलटणीच्या मेसमधला म्हातारा हवालदार. काय म्हणायचा तो? "कपडे को मत छुओ. निशान लकडी पे." टेबलाच्या कडेच्या लाकडावर चार कोपऱ्यांत चार बारीक खाचा. त्यांतून दोन दोरे तिरके ताणायचे. दोऱ्यांची फुली पडते तिथून एक धागा खाली सोडायचा, त्याच्या टोकाला शर्टाचं बटण. बटण कापडाला टेकायच्या आत थांबवायचं आणि त्याच्या खाली तांबडी पिन. मग पातळ फळीचा साचा ठेवून भोवतीच्या चार पांढऱ्या. दोरे गुंडाळायचे, खिशात घालायचे. बनातीला काही ठाऊकसुद्धा होत नाही.

मी आजतागायत असंच करतो. तू पलटण सोडलीस आणि हवालदारालाही सोडलंस.

साताऱ्याला लागल्यावर तू काय केलंस ते तूच मला हसत हसत सांगितलं होतंस. खंडेनवमीला सगळी दुनिया आपापली हत्यारं पूजते. शेतकरी विळा-कुऱ्हाड पूजतो, गवंडी थापी पूजतो. मी क्लबातल्या खेळायच्या काठ्या भिंतीला ओळीनं उभ्या करतो, बुडाला हळदकुंकू लावतो, झेंडूचं फूल वाहतो, झालं. तू टेबल पूजलंस. पूजलंस त्याला माझं काही म्हणणं नाही. पण तू कुंकू कालवलंस गोड्या तेलात, म्हणजे ते झडून जायला नको. आणि पाच बोटं उठवलीस ती बनातीवर. पाच पिनांच्या पाच जागी!

वकीलसाहेब आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "शिदू, गाढवा, विलायती बनात आहे ती!"

तू हात जोडलेस. "देवाचं हाय, साहेब. पुसाय सांगताय? पुसतो की. पण पाप कुणाच्या माथ्यावर ते आधी ठरवा."

कोर्टात भल्याभल्यांना आडवं करणारा माणूस, कुंकवाच्या पाच बोटांपुढं मागं सरला. आठवड्याभरात मेंबर म्हणायला लागले, पिना आता पटापट लागतात, शिदू डोकेबाज आहे. डोकेबाज! दोरा ताणायचा कंटाळा, आणि त्या कंटाळ्यापुढं उभा केला देव. मी ह्याला कामचुकारपणा म्हणतो. तेव्हा तोंडावर म्हणालो होतो, आता मेल्यावर तोंड फिरवणार नाही.

पण नुसता कामचुकारपणा असता तर मी गप्प बसलो असतो. तू ते बरोबर तरी लावायचं होतंस.

सांगली आणि साताऱ्याच्या क्लबांची दरवर्षी सामन्याची रीत. यजमानाच्या मार्करनं पिना मांडायच्या, पाहुण्याच्या मार्करनं तपासायच्या. त्या साली आमचे मेंबर घेऊन मी साताऱ्याला आलो. सकाळी सगळे चहा-पोहे खात होते तेव्हा मी दोरा काढला.

"शिदू, दुसरं टोक धर."

"कशाला? ठिपकं दिसत न्हाईत व्हय तुला?"

"ठिपकंच तपासाय आलोय."

"आरं ह्यो टेबल हाय का वड? सूत गुंडाळतोयस ते! सात जलम ह्योच क्लब मिळू दे म्हणून मागणं पन घाल."

मी दोरे ताणले, बटण सोडलं. ते हललं, थांबलं. तुझ्या तांबड्या ठिपक्यावर थांबलं नाही. शेजारी थांबलं.

"अंगठाभर खिडकीकडं गेलंय तुझं."

"वाऱ्यानं हललं आसंल तुझं बटाण."

"खिडक्या लाव."

तू खिडक्या लावल्यास. बटण तिथंच.

"मग तुझा दोरा वाकडा."

"ताणल्याला दोरा वाकडा कसा आसंल रं?"

"ताणणारा वाकडा आसला म्हंजी."

मला हसू आलं होतं, ते मी दाबलं. तू खिडकीकडं उभा राहून, पाठीवर उजेड घेऊन, वाकून डोळ्यानं मध्य धरला होतास, आणि अख्खी फुली स्वतःकडं ओढली होतीस. पिनांचं आपापसातलं अंतर बरोबर होतं, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. येणारही नव्हतं. दोरा टाकल्याशिवाय ते कळत नाही, आणि दोरा फक्त माझ्या खिशात.

मग तू दार लोटून घेतलंस आणि हळू आवाजात विचारलंस, "सांगणार हाईस व्हय साहेबांस्नी?" आयुष्यात पहिल्यांदा तुझा आवाज खाली आलेला ऐकला.

मी म्हणालो, "मार्करचं भांडाण मार्करात. तुझं तू नीट कर."

तू काय नीट करणार, कपाळ! लोकरीत मुरलेलं तेल बाहेर येतं होय? दर साली मी यायचो, दोरा टाकायचो, "अंगठाभर" म्हणायचो आणि तू "बटाण" म्हणायचास. आमचे सांगलीचे मेंबर तिथं हटकून हरायचे. आमच्या टेबलावर पिन जिथं असते तिथं मारायचे ना ते, हाताच्या सवयीनं. मग परतीच्या वाटेवर मला विचारायचे, "धोंडीराम, साताऱ्यात आपल्याला होतं काय हो?" मी म्हणायचो, "परवासानं हात जड हुत्यात, साहेब." हे मी तुझ्यासाठी गिळलं असं समजू नकोस. तेवढी तुझी लायकी नव्हती. एकदा बोललो होतो म्हणून गिळलं.

पावसाच्या आधी महाबळेश्वरच्या एका बंगल्यातलं टेबल बंद करायला आपल्या दोघांना बोलावायचे. तिथल्या पावसात बनातीला बुरशी धरते. तू कोळशाच्या इस्त्रीला पंख्यानं वारा घालायचास आणि मी लवेच्या दिशेनं इस्त्री फिरवायचो. तुझ्या हातात इस्त्री द्यायची माझी छाती नव्हती. तिथंच एकदा तू मला म्हणालास, "धोंड्या, कापड हाय ते. झिजायचं, फाटायचं, बदलायचं. माणसं दोन घटका खेळाय येत्यात. तुझा दोरा ताणंस्तवर ती जांभया देत्यात. कापडापायी वाकून वाकून तू कुबडा झालास, आन् खेळणाऱ्याचं तोंड कवा बघितलंस का?"

तू जिंकल्यासारखी विडी पेटवलीस. त्या विडीचा मला अजून राग आहे. घाट उतरताना उत्तर सुचलं, पण तोवर तू यष्टीत घोरत होतास. ते आता सांगतो. झिजतं ते कापड. जागा झिजत नाही. आणि खेळणाऱ्याचं तोंड मी बघत नाही कारण मी मार्कर आहे, फोटोवाला नव्हे, गिऱ्हाईक हसलं का ते बघायला. आता तू ह्यावर काहीतरी उलटं बोलला असतास, मला माहीत आहे. काय बोलला असतास ते मात्र मला सुचत नाही, आणि त्याचाच मला गेले काही दिवस त्रास होतो आहे.

एक गोष्ट मी कबूल करतो, कारण खोटं लिहिलं तर ह्या कागदाला काय अर्थ? माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला त्या साली सामना सांगलीला होता. मला कोपऱ्यातली खाच दिसत नव्हती. बटण तर नाहीच. कुणाला सांगितलं नव्हतं. मार्करला दिसत नाही म्हटल्यावर त्याला कोण ठेवतो? तपासायला आलेला तू. टेबलापाशी आलास, माझ्या खिशात हात घातलास, दोरा काढलास. जन्मभर ज्याची टिंगल केलीस तो दोरा! मेंबरांना ऐकू जाईल असं ओरडलास, "व्हा बाजूला, आज पाव्हण्याला करू द्या तुमचा वड!" आणि स्वतः ताणलास, बटण सोडलंस, पाची पिना मांडल्यास. मी दुसरं टोक धरून ठोंब्यासारखा उभा. मग कानाशी म्हणालास, "मिरजंला जाऊन मोतीबिंदू काढून घे, भाड्या. सारखं न्हाई यायचा मी."

मिरजेला गेलो. नजर परत आली. तू मांडलेल्या त्या पिना बरोबर होत्या की नव्हत्या हे मला कधीच कळलं नाही. वर मुक्काम ठोकून माझ्याच घरी मटण ओरपलंस आणि रस्सा पातळ झाला म्हणालास. तुझे आभार मानायचे राहिले. राहू देत.

तर शोकसभा संपल्यावर वकीलसाहेब म्हणाले, "नवी बनात येऊन पडली आहे. शिदू असता तर त्यानंच चढवली असती. आता तुम्हीच बघा."

मी हो म्हणालो. खरं सांगू? मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी तुझ्या टेबलावर माझा एकट्याचा हात पडणार होता. जुनी बनात निघणार, तिच्याबरोबर तुझी फुली निघणार, आणि पिना शेवटी जिथं असायला पाहिजेत तिथं उभ्या राहणार. आणि कुणी विचारलं तर सांगायचं, असं मी ठरवलं होतं. मार्करचं भांडण मार्करात, कबूल. पण त्यातला एक मेला तर ते कुणात राहिलं? माझ्या एकट्यात? वचन तुला दिलं होतं. तू आहेस कुठं?

संध्याकाळी तुझ्या घरी जेवलो. हौसावैनीनं भाकरी वाढली आणि म्हणाली, "भावजी, तुमच्यावर लय राग हुता त्येंचा."

"आसंल की. माजा पन हुता."

"तसा न्हवं. दसरा झाला, सामना जवळ आला की जेवान जायाचं न्हाई. म्हणायचं, ह्या साली धोंड्या सांगतोय बग सगळ्यांस्नी. काय सांगणार ते मला कवा बोललं न्हाईत." तिनं आमटी वाढली. "काय हुतं हो, भावजी?"

मी म्हणालो, "काय न्हाई. मार्करचं आसतंय कायतरी."

मी भाकरी तशीच ताटात ठेवली. दुःखानं नव्हे, संतापानं. अरे, मी एकदा सांगितलं होतं ना? सांगणार नाही म्हणून? इतकी वर्षं तू मला चहाडखोर समजत होतास? दर साली मी बटण सोडत होतो, आणि तू माझ्या तोंडाकडं बघत होतास की आता हा दार उघडून ओरडतो! आणि वर टिंगल करत होतास, वड म्हणून, सूत म्हणून. भीती लपवायला एवढी बडबड. मला एका शब्दानं विचारलं असतंस तर मी परत सांगितलं असतं. शिवी देऊन सांगितलं असतं, पण सांगितलं असतं. तुला जेवण तरी गेलं असतं.

सकाळी क्लबात गेलो. खिळे काढले, जुनी बनात उचलली. खाली टेबलाचा काळा दगड. आणि दगडावर तुझे पाच डाग. तेल बनातीतून खाली दगडात मुरलं होतं. मी दोरे ताणले, बटण सोडलं. अंगठाभर. खिडकीकडं. आता वाऱ्याचं नाव घ्यायला जागा नव्हती. कापड ओढलं गेलं असं म्हणायलाही नाही, दगड कुठं जातो?

मी रॉकेलचा बोळा भिजवला. दगडावर टेकवला नाही. तसाच खाली ठेवला. वकीलसाहेबांना हाक मारून दाखवावं असंही मनात आलं. बाहेर त्यांचा आवाज येत होता. मग मी नवी बनात पसरली, लव बघितली, ताणली आणि ठोकून घेतली. कोपऱ्यांतल्या जुन्या खाचा खोल केल्या. दोरा टाकून पिना मांडल्या. कापड कोरं, पिना मध्यावर. हवालदार असता तर "शाबाश" म्हणाला असता. तो कधी म्हणायचा नाही, पण म्हणाला असता.

मेंबर आले. त्यात पी.डब्ल्यू.डी.तून रिटायर झालेले एक ओव्हरशियर होते. त्यांनी वाकून बघितलं, वरच्या दिव्याकडं बघितलं, परत पिनेकडं. "पूर्वी ही तांबडी दिव्याच्या साखळीखाली नसायची. आता बरोबर खाली आली." खिशातून टेप काढली, दोन्ही अंगांनी धरली. "हा मध्य बरोबर आहे. म्हणजे शिदूनं इतकी वर्षं चुकीच्या जागी मांडल्या?"

मग शोकसभेत डोळे पुसणारा तोच म्हणाला, "म्हणजे आमचे ऋषी तिरळे होते की!"

हसले रे सगळे. मोकळ्या गळ्यानं हसले. तुझं दिवसकार्य तरी कुठं नीट झालं होतं अजून!

शिदू, इतकी वर्षं मी ह्याच घटकेची वाट बघत होतो. टेप होती, साक्षीला सगळा क्लब होता, मी म्हणत होतो तेच खरं होतं. नुसतं "व्हय" म्हणायचं होतं. आणि त्यांच्या तोंडाकडं बघून मला किळस आली. ह्यांनी कधी दोरा धरला? ह्यांना तिरळा आणि सरळ ह्यातलं काय कळतं? तुला गाढव म्हणायला आधी मार्कर व्हावं लागतं.

मी म्हणालो, "हसायचं न्हाई, साहेब. लोकर हाय ती. वर्सानुवर्सं बरश मारून, इस्त्री फिरवून बनात एका अंगाला सरकती. कापाड गेलं, त्येच्यासंगं ठिपकं गेलं. शिदूनं लावलं तवा बरुबर मदी हुतं. म्या सोता दोरा टाकून बघितल्यालं."

"अंगठाभर सरकते?" ओव्हरशियर म्हणाले.

"मग काय! दगड हाय व्हय ती?"

ते बोलताना माझा हात दगडावरच होता. म्हणजे बनातीवर, पण खाली तुझे डाग.

वकीलसाहेब लगेच म्हणाले, "मी म्हणतच होतो. शिदूची नजर चुकायची नाही." बाकीच्यांनी माना हलवल्या. झालास परत ऋषी. माझ्या तोंडानं. नंतर तेच म्हणाले, नव्या बनातीवरही शिदूसारखे ठिपके द्या, सोयीचं पडतं. मी म्हणालो, ते काम फक्त शिदूला जमायचं. दोरा आणि बटण त्यांच्या हातात दिलं, कसं ताणायचं ते दाखवलं. शिकणार नाहीत. पुढच्या वेळी जाईन तेव्हा पेन्सिल दिसेल.

बनात आता लवकर बदलायची नाही. बदलेल तेव्हा मी नसेन. जो कोण ती उचलेल त्याला दगडावर पाच डाग दिसतील, आणि तो मार्कर असला तर दोरा टाकून बघेल, आणि गप्प बसेल.

लोकांना मी सांगितलं कापड चुकलं. हौसावैनीला सांगितलं काही नव्हतं. तुला सांगतो, कापड नव्हे, वारा नव्हे, बटण नव्हे. तू चुकला होतास.

आता बोल की.